अडेलतट्टू जन्मते की घडते?

शिक्षकांच्या खोलीत वर्षातून चार-दोन वेळा तरी ऐकू येणारा एक शब्द आहे : अडेलतट्टू. फळ्यापाशी बोलावले तरी जागचा न हलणारा, कितीही समजावले तरी 'नाही'वर ठाम राहणारा मुलगा किंवा मुलगी दिसली, की हा शब्द आपल्या तोंडून सहज निघतो. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा आणि अडेल म्हणजे वाटेत अडून बसणारा. शब्द वापरताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, ती अशी की अडणे हा त्या तट्टाचा स्वभावच आहे. ते जन्मतःच तसे आहे, त्याला कोण काय करणार?

हे गृहीत खरे आहे का? मुलांचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवून आपण खऱ्याखुऱ्या तट्टाकडेच पाहू या. त्यासाठी एका अडेल तट्टाची हकीकत आधी सांगतो. ती माझ्या समोरच घडली आहे.

मेहकरचे एक शिंगरू

माझे शालेय शिक्षण बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे झाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एस. टी. स्टँडवरून गावात यायला टांगे असत. आमच्या गल्लीत एक टांगेवाले चाचा राहत. त्यांच्या घोडीला झालेले एक तांबूस रंगाचे शिंगरू दोन वर्षांचे झाले होते. मी तेव्हा सातवीत होतो. 'शाळा सुटली की याला पैनगंगेवर नेऊन पाणी पाजून आणत जा,' असे चाचांनी मला सांगितले आणि मी हरखून गेलो.

नदीच्या वाटेवर एक मोरी होती. पहिल्याच दिवशी त्या मोरीपाशी शिंगरू थांबले. मी दोर ओढला, तसे ते मागे रेटू लागले. मी आणखी जोर लावला, तेव्हा त्याने मान उंच केली, पुढचे पाय उचलले. मी घाबरलो, दोर ढिला सोडला आणि परत फिरलो. घरच्या हौदावर त्याला पाणी पाजले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. आठवड्याभरात ते मोरीच्या बरेच अलीकडे, वळणावरच्या लिंबापाशी थांबू लागले. पुढे तर गल्लीच्या तोंडाशीच पाय रोवून उभे राही. वर्षभराने त्याला टांग्याला जुंपायची वेळ आली तेव्हा ते एक पाऊल टाकेना. घोडा फेरणारा एक चाबूकस्वार बोलावला गेला. त्याने चार दिवस मारझोड केली. शेवटी 'अडेल आहे' असा शिक्का बसून ते शिंगरू पडत्या भावाने बाजारात विकले गेले. चाचा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तट्टू मुळातच खोडीचे होते, असे सगळ्यांचे मत पडले आणि माझेही तेच झाले.

पुढे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करताना 'प्रबलन' या विषयावरचे एक प्रकरण वाचीत होतो. वाचता वाचता ती मोरी डोळ्यांसमोर आली आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्या शिंगराला अडायला कोणी शिकवले असेल, तर ते मीच शिकवले होते. रोज एक धडा, न चुकता.

हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

अडण्याची तीन कारणे

घोडा अडला की जाणता मनुष्य स्वतःला तीन प्रश्न विचारतो. त्याला काही दुखते आहे का? तो कशाला भ्याला आहे का? आणि अडल्यामुळे आपली सुटका होते, असे तो शिकला आहे का? या प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिला प्रश्न दुखण्याचा. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची कडी बसते ती तिथे. या जागी हाडावर हिरडीचा अगदी पातळ थर असतो. दोराला बसलेला प्रत्येक हिसका थेट तिथे पोहोचतो. काटेरी लगामाने तर जखमच होते. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी काटेरी लगाम आणि टोकदार पराणी वापरण्यास बंदी घातली, ती याच कारणाने. शिवाय खोगिराखाली पाठ सोलवटलेली असते, नाल चुकीचा ठोकलेला असतो, एखादी दाढ टोचत असते.

वयाचाही विचार करावा लागतो. घोड्याचे दुधाचे पुढचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि साडेचार वर्षांपर्यंत एकेक जोडी बदलत जाते. बाजारात व्यापारी तोंड उघडून वय सांगतात ते यावरूनच. पण दात बदलत असतानाच, म्हणजे हिरड्या हळव्या झालेल्या असतानाच, आपण त्या तोंडात पहिल्यांदा लगाम घालतो. हाडांचेही तसेच आहे. पायांच्या खालच्या हाडांची वाढ आधी पूर्ण होते, पाठीच्या मण्यांची सर्वांत शेवटी, वयाच्या पाच-सहा वर्षांच्या सुमारास. दोन वर्षांच्या शिंगरावर बसणारा माणूस अजून वाढत असलेल्या पाठीवर बसलेला असतो. अशा वेळी जनावर अडले, तर ते 'मला जमत नाही' एवढेच सांगत असते.

भित्र्याची शहाणी नजर

दुसरा प्रश्न भीतीचा. वाघ किंवा लांडगा समोर आला तर बैल शिंगे रोखून उभा राहू शकतो. घोड्याला शिंगे नाहीत. लाखो वर्षे तो जगला तो पायांच्या जोरावर, म्हणजे वेळेवर पळून. म्हणून त्याची सारी रचना धोका लवकर ओळखण्यासाठी झालेली आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. न दिसणारा भाग दोनच ठिकाणी असतो. एक नाकाच्या अगदी समोर आणि दुसरा शेपटीच्या थेट मागे. म्हणून पाठीमागून गुपचूप येणाऱ्याला लाथ बसते. ती खोडी नव्हे, खबरदारी असते.

मोरीखालचे चकाकणारे पाणी, रस्त्यावर फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, कालपर्यंत नसलेला मातीचा ढीग या गोष्टी आपल्याला क्षुल्लक वाटतात. घोड्याच्या हिशेबात मात्र शंभर वेळा उगाच पळणे परवडते, एकदा चुकून थांबणे परवडत नाही.

ही भीती घालवायची कशी? वरातीचा घोडा आठवा. कानठळ्या बसवणारा बँड, फटाके आणि नाचणारी माणसे यांच्या मधोमध तो शांत चालतो. निरुपद्रवी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की प्राणी तिला प्रतिसाद देईनासा होतो. या क्रियेला 'अभ्यस्तता' म्हणतात. मात्र तिला एक अट आहे. सुरुवात दुरून आणि कमी मात्रेने व्हायला हवी, आणि प्राणी शांत झाल्यावरच पुढचे पाऊल टाकायला हवे. ढोल आधी शंभर पावलांवर वाजवायचा. घोडा मान खाली घालून चरू लागला, की नव्वद पावलांवर आणायचा. उलट घोड्याला खांबाला बांधून कानाशी ढोल बडवला, तर ढोलाची भीती जात नाही. ढोल आणि खांब दोन्हींची भीती बसते.

हे ज्ञान नवे नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असे त्याने त्यात बजावले आहे. घोडा एखाद्या वस्तूला भ्याला तर त्याला मारू नये, कारण माराचे दुःखही त्या वस्तूनेच दिले असे त्याला वाटते, हेही त्याने नोंदवले आहे. ज्याला आज आपण 'अभिसंधान' म्हणतो त्याचे हे फार जुने आणि अचूक निरीक्षण आहे.

आपल्याकडे शेतकरी नव्या गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुंपतो तेव्हा शेजारी मुरलेला, शांत बैल देतो आणि मागे नांगराऐवजी नुसता ओंडका बांधतो. यामागेही हाच विचार आहे. निर्धास्त सोबती पाहून नवखा निवळतो आणि ओझे पायरीपायरीने वाढते. घोड्यांवरील प्रयोगांतही शांत सोबती असला की नवख्या घोड्याची भीती कमी होते, असे दिसून आले आहे.

शिकवण ओढण्यात नसते, सोडण्यात असते

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. समजा, शिंगराला काही दुखत नाही आणि भीतीही गेली आहे. त्याला 'चल' हे शिकवायचे कसे? त्याला आपली भाषा कळत नाही. आपण दोर हलकेच ताणतो. म्होरकीचा दाब मानेमागे आणि नाकावर पडतो. हा दाब नकोसा वाटतो म्हणून शिंगरू काही ना काही करून पाहते. मान वर करते, बाजूला झुकते, मागे सरकते आणि केव्हातरी एक पाऊल पुढे टाकते.

शिक्षण घडते ते दाब पडतो तेव्हा नव्हे. ज्या क्षणी दाब जातो, त्या क्षणी घडते. दाब जाण्याच्या लगेच आधी आपण जे केले, तेच बरोबर होते, अशी नोंद प्राण्याच्या मेंदूत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये मांजरांना कोडेपेटीत ठेवून केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व पुढे आले. ज्या कृतीचा परिणाम सुखावह, ती कृती पक्की होते. नकोशी गोष्ट काढून घेऊन कृती पक्की करणे याला 'ऋण प्रबलन' म्हणतात. येथे 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, तर वजाबाकी. शिक्षा आणि ऋण प्रबलन यांची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसते. शिक्षेने एखादी कृती कमी होते, प्रबलनाने ती वाढते, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

आता माझ्या शिंगराचे गणित मांडून पाहा. मी दोर ताणला. ते मागे रेटू लागले, मी ताण धरून ठेवला. त्याने पुढचे पाय उचलले आणि मी दोर सोडला. म्हणजे त्या दिवशीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर मी 'पाय उचल' असे दिले. वर घरच्या हौदावर पाणी पाजून बक्षीसही दिले. शिंगरू मठ्ठ नव्हते की हट्टीही नव्हते. ते हुशार विद्यार्थी होते. शिकवणाऱ्याला आपण काय शिकवतो आहोत हेच ठाऊक नव्हते.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. पाऊल पडल्यापासून एक-दोन सेकंदांच्या आत दोर ढिला झाला तर शिंगरू दोन्हींचा संबंध जोडते. पाच सेकंदांनी ढिला झाला तर त्या पाच सेकंदांत त्याने मान झटकलेली असते, शेपूट हलवलेली असते. त्यातले कशाला दाद मिळाली, ते त्याला कळत नाही. अनुभवी चाबूकस्वार लांब दोरावर घोड्याला गोल फिरवतो, म्हणजे कावा देतो, तेव्हा त्याच्या हाताकडे पाहावे. तो ओढताना क्वचितच दिसतो. सोडताना मात्र सारखा दिसतो.

आणखी एक बारकावा. चाचा स्वतः दोर धरत तेव्हा शिंगरू मोरी ओलांडून जाई. मी धरला की अडे. म्हणजे अडण्याला कधी यश, कधी अपयश. अशाने अडणे सुटेल असे आपल्याला वाटते, पण होते उलटे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासातून दिसले, की अधूनमधून फळ मिळणारी कृती ही दर वेळी फळ मिळणाऱ्या कृतीपेक्षा जास्त चिवट होते. आज नाही तर उद्या सुटका होईल, या आशेवर ती टिकते. घरात आई 'नाही' म्हणते आणि आजी 'घे' म्हणते, तेव्हा मुलाचा हट्ट का वाढतो याचे उत्तरही यात आहे.

मारल्याने काय होते?

मारून घोडे चालतात, हे खरे आहे. पण चालणारा घोडा नक्की काय शिकला?

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहीही केले तरी विजेचे झटके थांबत नाहीत, असा अनुभव घेतलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट उघडी असूनही पडून राहिली. याला 'अध्ययित असहाय्यता' असे नाव मिळाले. असे प्रयोग आज कोणी करू नयेत, आणि करू दिलेही जाणार नाहीत. पण कसेही वागले तरी मार चुकत नाही अशा घोड्याची गत तीच होते. त्याची नजर विझते, कान हलत नाहीत, हाकलले की तो चालतो. मालक म्हणतो, 'सुतासारखा सरळ झाला.' प्रत्यक्षात त्याने विचारणेच सोडलेले असते.

या कहाणीला पुढे एक वळण मिळाले, ते शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरील संशोधनाच्या आधारे याच दोघांनी आपला सिद्धान्त सुधारला. दीर्घ संकटात हातपाय गाळून बसणे हा सस्तन प्राण्यांचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावी लागते ती उलट गोष्ट, म्हणजे 'माझ्या करण्याने काही बदलते' ही जाणीव. वेळेवर सैल सोडलेला दोर शिंगराला नेमकी हीच जाणीव देतो.

दोर सोडणे हे एकच बक्षीस नव्हे. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे असलेल्या उंचवट्यापाशी दातांनी खाजवतात. १९९३ साली फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील अभ्यासात असे आढळले, की माणसाने त्याच जागी खाजवले तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मानेवर थोपटण्याची आपली सवय आपल्या समाधानासाठी असते. घोड्याला हवे असते ते खाजवणे.

घोडा आपल्याला वाचतो

शिकवणारा नकळत काय शिकवतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एका गणिताच्या शिक्षकाचे आहे. बर्लिनमधील निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांनी हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकवली होती. उत्तराइतक्या वेळा हान्स खूर आपटी. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याला तपासले, तेव्हा लबाडी सापडली नाही. नंतर ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने पद्धतशीर प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसले, किंवा तो हान्सला दिसत नसला, की हान्स चुके. प्रश्न विचारून माणूस किंचित पुढे झुके. योग्य आकडा आला की त्याचा ताण सुटे आणि डोके अगदी थोडे वर जाई. हान्स त्यावर थांबे.

हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. फॉन ऑस्टेन यांनी कित्येक वर्षे धीराने गणित शिकवले, आणि विद्यार्थी शिकला ते मास्तरांचा चेहरा वाचायला! आपल्या वर्गात पाढे म्हणताना मुले अडखळतात आणि आपल्या भुवयांकडे पाहून उत्तर बदलतात, तेव्हा हान्सची आठवण ठेवावी.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग सातवी-आठवीपासून पुढे करता येतो. साहित्य काही लागत नाही. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा. एक 'शिकवणारा', दुसरा 'शिंगरू'. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. शिकवणाऱ्याने मनात एक सोपी कृती ठरवावी, उदाहरणार्थ डावा हात डोक्यावर ठेवणे. त्याने शिंगराच्या उजव्या मनगटावर दोन बोटे हलकेच टेकवावीत. शिंगरू ठरलेल्या कृतीच्या दिशेने जराही गेले, की बोटे लगेच उचलावीत आणि पुन्हा टेकवावीत. कृती पूर्ण व्हायला बोटे किती वेळा टेकवावी लागली, ते मोजा.

दुसऱ्या फेरीत कृती बदला आणि बोटे उचलण्यापूर्वी मनात तीन आकडे मोजा. पुन्हा नोंद करा. दोन्ही फेऱ्यांचे आकडे फळ्यावर मांडून मुलांनाच चर्चा करू द्या. दुसऱ्या फेरीत 'शिंगराने' मध्येच कोणत्या भलत्याच कृती धरून ठेवल्या, आणि त्याला कसे वाटले, हे अवश्य विचारा. शेवटी भूमिका बदला. ज्याने शिंगरू होऊन पाहिले आहे तो शिकवताना घाई करतो का, याचे निरीक्षण शिक्षकांनी करावे.

शब्द वापरण्यापूर्वी

घोडी आणि तट्टे आता आपल्या नजरेआड होत चालली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची होती. मेहकरच्या स्टँडबाहेर आता ऑटोरिक्षा उभ्या असतात. तरी तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. दख्खनच्या पठारावर मेंढपाळांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवरून हिंडते. सारे घर पाठीवर घेऊन, कोंबड्या-कोकरांसकट, ती वाटेतले ओढे ओलांडतात. तीही तट्टेच आहेत. त्यांना कोणी अडेल म्हणत नाही, कारण अडण्याचा धडा त्यांना कोणी दिलेला नसतो.

मुले म्हणजे घोडे नव्हेत. त्यांना भाषा असते, त्यांना कारण विचारता येते, आणि त्यांनाही आपल्याला कारण विचारता येते. तेव्हा घोड्याचे नियम जसेच्या तसे वर्गाला लावू नयेत. पण तीन प्रश्न मात्र तेच राहतात. याला काही दुखते आहे का? हा कशाला भ्यालेला आहे का? आणि आजवर याच्याशी वागताना आपण दोर कोणत्या क्षणी सोडत आलो? फळ्यापाशी न येणाऱ्या मुलाला आपण दोनदा बोलावतो आणि तिसऱ्यांदा कंटाळून 'बस खाली' म्हणतो. तो त्या दिवसाचा धडा असतो, आणि तो मुलगा चांगला शिकतो.

ते तांबूस शिंगरू पुढे कोणाकडे गेले, ते मला माहीत नाही. बाजारात नेताना ते गल्लीच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी थांबले होते. मी ओट्यावर उभा होतो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी दोर सोडीन, अशी त्याला खात्री असावी. पण त्या दिवशी दोर माझ्या हातात नव्हता.